मधुमेहींचा टूडी इको : 'पंपिंग नॉर्मल'च्या पुढे काय वाचावे

टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल हातात पडला की बहुतेक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक त्यात एकच आकडा शोधतात. हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकते, ते सांगणारा हा आकडा. 'इजेक्शन फ्रॅक्शन' अशा भारदस्त नावाने तो छापलेला असतो, आपल्याकडे मात्र त्याला सरसकट 'पंपिंग' म्हणतात, आणि तो साठच्या आसपास असला की घरातली मंडळी निश्चिंत होऊन अहवाल फाइलमध्ये ठेवून देतात. ज्याला दहा-बारा वर्षे मधुमेह आहे त्याच्या बाबतीत हा आकडा फार उशिरा बिघडतो. तो उत्तम असतानाही हृदयाचे काम ढासळायला लागलेले असू शकते, आणि ते ओळखण्याची साधने आज नाशिकसारख्या शहरात सहज मिळतात. या विषयावर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. निमित्त झाले ते अमेरिकेतील हिस्पॅनिक समाजाच्या आरोग्याची जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष पुन्हा एकदा सावकाश वाचण्याचे.

हिस्पॅनिक किंवा लॅटिनो या नावाखाली अमेरिकेत अनेक समाजांची मोट बांधलेली आहे. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, मध्य आणि दक्षिण अमेरिका अशा वेगवेगळ्या ठिकाणी मुळे असलेली माणसे तीत येतात. २००८ ते २०११ या काळात ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो या चार ठिकाणी अशा १८ ते ७४ वयोगटातील १६,४१५ जणांची तपासणी झाली. मधुमेहाचे प्रमाण एकंदरीत १७ टक्क्यांच्या जवळ निघाले, परंतु मोट सोडून पाहिले तर मेक्सिकन वंशाच्या लोकांत ते १८.३ टक्के आणि दक्षिण अमेरिकी वंशाच्या लोकांत १०.२ टक्के होते. याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की ज्यांना मधुमेह होता त्यांच्यापैकी जेमतेम ५९ टक्के लोकांना तो असल्याचे ठाऊक होते, आणि आरोग्य विमा असणारे निम्म्याहून किंचित अधिक होते. नाशिकच्या सिडको किंवा सातपूरच्या कामगार वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या कोणालाही हे चित्र परके वाटणार नाही.

याच पाहणीतील ४५ वर्षे आणि त्यापुढील १,८१८ जणांचा नंतर इको करण्यात आला, आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळच्या निकषांनुसार जवळजवळ निम्म्या लोकांच्या हृदयाच्या कार्यात काही ना काही दोष आढळला. त्यातला पंपिंगचा, म्हणजे आकुंचनाचा, दोष केवळ ३.६ टक्के लोकांत होता. उरलेला सारा दोष हृदय सैल होऊन रक्त भरून घेण्याच्या क्रियेतला होता. आणि ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यापैकी हृदय निकामी होऊ लागल्याची लक्षणे असलेले किंवा तसे निदान आधी झालेले लोक वीसात एकही भरत नव्हते. बाकीचे सगळे आपापल्या कामाधंद्यात होते. इको झालेले सगळेच लोक मधुमेही नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 'निम्मे' हा आकडाही निकषांवर अवलंबून आहे. त्याच वर्षी हे निकष अधिक कडक झाले आणि त्यांनी मोजले तर संख्या खाली येते. तरीही मूळ मुद्दा ढळत नाही. केवळ पंपिंग बघणाऱ्याला या गटातील जवळजवळ सगळी माणसे निरोगी वाटली असती.

हिस्पॅनिकांविषयी अमेरिकी वैद्यकात एक जुने कोडे सांगितले जाते. गरिबी, स्थूलता, मधुमेह हे सगळे अधिक असूनही त्यांचा एकूण मृत्युदर गोऱ्यांपेक्षा कमी दिसतो. अशा कोड्यांचा एक तोटा असतो, की त्यांच्या आधाराने डॉक्टरही थोडे सैलावतात. हृदय निकामी होण्याच्या बाबतीत ही गोष्ट लागू पडत नाही, हे २००८ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवून दिले. चार समाजांतील ६,८१४ माणसांचा सरासरी चार वर्षे मागोवा घेतल्यावर दर हजार व्यक्तिवर्षांमागे (एका माणसाचा वर्षभराचा मागोवा म्हणजे एक व्यक्तिवर्ष) हृदय निकामी होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ४.६, हिस्पॅनिकांत ३.५, गोऱ्यांत २.४ आणि चिनी वंशाच्या लोकांत १.० असे निघाले. यामागे वंशापेक्षा मधुमेह, रक्तदाब आणि आर्थिक परिस्थिती यांचा वाटा मोठा होता.

मधुमेह हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज करतो, हे आता सर्वांना माहीत आहे. ब्लॉकेज नसतानाही तो थेट हृदयाच्या स्नायूला बिघडवतो, ही गोष्ट मात्र डॉक्टरांच्या बोलण्यातही क्वचितच येते. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चौघांचेही हृदय निकामी झालेले होते आणि त्याला कारण म्हणून दाखवावा असा रक्तवाहिन्यांचा आजार कोणातही नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध पाहणीतून आकडे आले. मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक आणि मधुमेही स्त्रियांत पाचपट होती. या 'पाचपट'कडे पुढे पुन्हा यावे लागेल.

हृदयाचे सैल होणे म्हणजे विश्रांती, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आकुंचनानंतर स्नायूपेशीतील कॅल्शियम पुन्हा कोठारात खेचून घ्यावे लागते आणि त्याला ऊर्जा खर्च होते, म्हणून ऊर्जेची तंगी आली की आधी सैल होण्याची क्रिया मंदावते. मधुमेहात हृदय साखरेऐवजी मेदावर अधिकाधिक विसंबू लागते, त्यामुळे तेवढ्याच कामाला त्याला प्राणवायू जास्त लागतो. पेशींत मेद साठतो, चढ्या साखरेमुळे कोलॅजनचे धागे एकमेकांत गुंतून ताठ होतात, अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि स्नायूत हळूहळू तंतुमय भाग वाढतो. यापैकी कोणतीही गोष्ट अँजिओग्राफीत दिसत नाही. वर्षानुवर्षे चाललेला हा प्रकार असतो, आणि रक्तदाब जोडीला असला की त्याचा वेग वाढतो.

मग पंपिंग इतका काळ टिकते कसे? याचे उत्तर स्नायूच्या रचनेत आहे. डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीत स्नायूतंतू एकाच दिशेने धावत नाहीत. आतल्या थरातले तंतू लांबीच्या दिशेने, मधले गोलाकार, तर बाहेरचे पुन्हा तिरके असतात, आणि ओले धोतर पिळावे तशी पिळवटणारी हालचाल यातून निर्माण होते. आतल्या थराला रक्तपुरवठा सर्वांत शेवटी पोहोचतो आणि दाबही त्यालाच सर्वांत जास्त सोसावा लागतो, म्हणून लांबीच्या दिशेचे आखडणे आधी कमी होते. मधले गोलाकार तंतू ती उणीव भरून काढतात आणि एकूण किती टक्के रक्त बाहेर फेकले गेले, हा आकडा साठच राहतो.

हे लांबीच्या दिशेचे आखडणे मोजता येते. त्याला 'स्ट्रेन' म्हणतात. इकोच्या चित्रात स्नायूवर करड्या रंगाचे बारीक ठिपके दिसतात. संगणक ते ठिपके एका ठोक्यात कुठून कुठे सरकले याचा माग काढतो आणि भिंतीची लांबी किती टक्के कमी झाली ते सांगतो. निरोगी माणसात ती साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. लांबी घटते म्हणून आकडा ऋण चिन्हाने, उणे २० असा, लिहितात. तो उणे १६ पेक्षाही शून्याच्या जवळ आला तर दोष स्पष्टच मानावा आणि १६ ते १८ च्या दरम्यान असेल तर संशयाला जागा आहे, असे ढोबळमानाने म्हणता येते. अहवालात लाल-गुलाबी रंगाची एक गोल चकती छापलेली असते, तिच्यात गडद लाल भाग जोमाने आखडणारा आणि फिकट पडलेला भाग दुबळा. पंपिंग व्यवस्थित असलेल्या आणि कसलीही तक्रार नसलेल्या टाइप टू मधुमेहींत निरनिराळ्या अभ्यासांनी साधारण एक चतुर्थांश ते निम्म्या लोकांत हा आकडा घसरलेला दाखवला आहे.

हे वाचून प्रत्येक मधुमेहीने उद्याच स्ट्रेन इकोसाठी धावावे, असे माझे मत नाही. स्ट्रेनचा आकडा यंत्र बदलले की एक-दोन टक्क्यांनी बदलतो, चित्र अस्पष्ट असले तर फसवतो, नाडी अनियमित असली तर विश्वासार्ह राहत नाही आणि तपासणीच्या वेळी रक्तदाब चढलेला असेल तर चांगले हृदयही दुबळे दाखवतो. अहवालावर त्या वेळचा रक्तदाब लिहिलेला नसेल तर मी तो आकडा जरा हात राखूनच घेतो. शिवाय साध्या इकोत जी माहिती आधीपासूनच असते तिचाच आपल्याकडे पुरेसा उपयोग होत नाही, आणि माझे खरे गाऱ्हाणे तेच आहे.

पन्नाशीपुढच्या माणसाचा इकोचा अहवाल उघडावा आणि त्यात 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन' (सैल होण्याच्या क्रियेतला पहिल्या पायरीचा दोष) हे शब्द नसावेत, असे नाशिकमध्ये अपवादानेच घडते. याचे दोन परिणाम होतात. काही रुग्ण इंटरनेटवर वाचून घाबरतात आणि "डॉक्टर, ग्रेड वनची गोळी चालू करायची का?" असे विचारत येतात. बाकीच्यांना कोणीतरी "ते सगळ्यांनाच असतं हो" म्हणून वाटेला लावलेले असते. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. बहुतेक वेळा हा शेरा फक्त दोन लाटांच्या तुलनेवरून मारलेला असतो. हृदय सैल झाल्याबरोबर रक्त झपकन आत येते ती पहिली 'ई' लाट, आणि वरचा कप्पा शेवटी आखडून उरलेले रक्त ढकलतो ती 'ए' लाट. तरुणपणी पहिली लाट उंच असते, वय वाढते तशी ती बुटकी होते आणि साठीनंतर दुसरी तिच्यावर चढते. हे केस पिकण्याइतकेच स्वाभाविक आहे. केवळ तेवढ्यावरून त्याला आजार म्हटले की त्या शब्दाची किंमतच उरत नाही, आणि मग ज्याला खरोखर दोष आहे त्याचा अहवालही त्याच गर्दीत हरवतो.

२०१६ च्या निकषांत म्हणूनच चार गोष्टी एकत्र पाहायला सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे डाव्या बाजूच्या झडपेच्या कड्याचा सैल होतानाचा वेग. इकोतल्याच टिश्यू डॉप्लर या पद्धतीने तो मोजतात, त्याला 'ई-प्राइम' म्हणतात, आणि तो आतल्या पडद्याकडच्या बाजूला सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा किंवा बाहेरच्या बाजूला १० पेक्षा कमी नसावा. दुसरी, 'ई' लाट आणि हा वेग यांचे गुणोत्तर, जे १४ च्या वर गेले तर आतला दाब वाढल्याचा संशय घ्यावा. तिसरी, डाव्या वरच्या कप्प्याचे आकारमान, शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरपेक्षा अधिक. चौथी, उजव्या बाजूच्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग, सेकंदाला २.८ मीटरपेक्षा अधिक. निम्म्याहून जास्त गोष्टी बिघडलेल्या असतील तरच दोष आहे असे म्हणावे.

यांतला वरच्या कप्प्याचा आकार मला सर्वांत बोलका वाटतो. लाटा त्या क्षणाची स्थिती सांगतात. त्या आदल्या रात्री किती पाणी प्यायले, गोळी घेतली की नाही, यावरही हलतात. वरचा कप्पा फुगला असेल तर खालचा कप्पा ताठ असल्याचा भार त्याने बराच काळ वाहिलेला असतो. हा आकार मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. दोन बाजूंनी कप्प्याची कड नीट आखावी लागते आणि त्याला दोन मिनिटे जास्त जातात. रांगेत रुग्ण बसलेले असताना ही दोन मिनिटे कोणाला मिळत नाहीत, हे मी समजू शकतो. तरीसुद्धा 'कप्प्यांचे आकार नॉर्मल' असे छापील वाक्य जसेच्या तसे ठेवण्यापेक्षा एक आकडा लिहिलेला असला तर पुढच्या वर्षी तुलना तरी करता येते.

लक्षणांबद्दल बोलायचे तर मधुमेही माणूस 'मला दम लागतो' असे सहसा म्हणत नाही. तो दम लागेल अशी कामे हळूहळू सोडून देतो आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही. पूर्वी मी वणीच्या गडाविषयी विचारत असे, पायऱ्या चढताना कितीदा थांबावे लागते म्हणून. २०१८ मध्ये गडावर ट्रॉली सुरू झाल्यापासून तो प्रश्न बाद झाला आहे, कारण आता धडधाकट माणसेही ट्रॉलीनेच जातात. पांडवलेणीच्या पायऱ्या अजून जागेवर आहेत, पण तिथे साठीतला माणूस पाहुणे आले तरच जातो. म्हणून आता बारीकसारीक विचारावे लागते. मागच्या वर्षी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर ज्यांच्या बरोबरीने चालत होतात ते आता पुढे निघून जातात का? वाकून बुटाची नाडी बांधताना जीव घाबरा होतो का? रात्री एक उशी पुरते की दोन लागतात? चप्पल संध्याकाळी घट्ट होते का?

दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार रुग्ण असतील तर आणखी एक अडचण असते. "गोडी छाटणी उरकली की तपासून घेतो" म्हणून गेलेला माणूस थेट खुडा संपल्यावर उगवतो, आणि तोवर पाच-सहा महिने उलटून गेलेले असतात. अशा एका शेतकऱ्याने मला सांगितले होते की बागेतल्या सरीतून चालताना अलीकडे तो मध्ये मध्ये थांबून घडांची पाहणी करतो. त्याच्या मुलाने शेजारून हळूच भर घातली, "आधी नव्हते थांबत. आता घड कमी आणि दम जास्त खातात." पंपिंग ६२ होते. वरचा कप्पा मात्र स्पष्टपणे मोठा होता आणि कड्याचा वेग दोन्ही बाजूंनी कमी होता.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच अवघड होते, आणि फ्रॅमिंगहॅमच्या त्या पाचपटीचा विचार करता हीच बाजू सर्वांत दुर्लक्षित आहे. पन्नाशीच्या मधुमेही बाईला धाप लागते म्हटले की घरचे वजनाकडे बोट दाखवतात, ती स्वतः थायरॉइडला दोष देते आणि आम्ही डॉक्टर मंडळी बऱ्याचदा हिमोग्लोबिन तपासून थांबतो. हिमोग्लोबिन कमी असतेही, त्यामुळे उत्तर मिळाल्याचे समाधान सर्वांनाच होते. तिच्या वाट्याला इको येतो तो मोतीबिंदूच्या किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेआधी फिटनेससाठी, आणि त्यातही वाचला जातो तो पंपिंगचाच आकडा.

सगळ्यांचा इको करणे परवडणारे नाही, मग कोणाचा करावा? याचे एक व्यवहार्य उत्तर रक्ततपासणीत आहे. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की स्नायूपेशी एक रसायन रक्तात सोडतात. त्याचा एक तुकडा 'एनटी-प्रो-बीएनपी' या नावाने मोजला जातो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०२२ च्या तज्ज्ञ-अहवालात प्रत्येक मधुमेहीची, तक्रार नसली तरी, वर्षातून एकदा ही किंवा ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची) सूक्ष्म तपासणी करावी असे सुचवले आहे. एनटी-प्रो-बीएनपी मिलिलिटरमागे १२५ पिकोग्रॅम किंवा अधिक असेल, अथवा त्याचाच दुसरा तुकडा, साधे बीएनपी, ५० किंवा अधिक असेल, तर इको करावा. हे केवळ कागदी शहाणपण नाही. आयर्लंडमध्ये १,३७४ जणांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साध्या बीएनपीच्या तपासणीने निवडलेल्या लोकांकडे आधीच लक्ष दिल्याने हृदयाचे कार्य बिघडण्याचे प्रमाण घटले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात ३०० मधुमेही घेतले होते. त्यांना हृदयविकार नव्हता, फक्त एनटी-प्रो-बीएनपीचा आकडा १२५ च्या वर होता. नेहमीचीच रक्तदाबाची आणि बीटा-ब्लॉकरची औषधे त्यांच्यातील निम्म्यांना पुरेशा मात्रेपर्यंत वाढवून दिली, आणि हृदयाच्या कारणाने रुग्णालयात जाणे किंवा मृत्यू यांत त्या गटात ६५ टक्के घट झाली.

या तपासणीचे दोष मात्र माहीत असलेले बरे. मूत्रपिंड मंदावले असेल, वय जास्त असेल किंवा नाडी अनियमित असेल तर आकडा वाढतो. याउलट स्थूल माणसात तो खोटाच कमी येतो. हिस्पॅनिक समाजात स्थूलता फार असल्याने तिथे हा आकडा दिलासा देऊन दगा देऊ शकतो, आणि आपल्याकडच्या पोट सुटलेल्या मंडळींनाही तोच धोका आहे. म्हणून धाप लागणाऱ्या जाड माणसाचा आकडा ९० आला तरी मी इको टाळत नाही.

इथेच हिस्पॅनिकांचे आणि आपले सारखेपण संपून फरक सुरू होतो. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. परंतु आपला मधुमेही पुष्कळदा वजनकाट्यावर जाड नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्या हृदयाच्या कप्प्यांचे सर्वसाधारण आकारमानही पाश्चात्त्यांपेक्षा लहान असते. तेव्हा परदेशी तक्त्यातील आकड्यात 'बसतो' म्हणून कप्पा नॉर्मल ठरवताना शरीराच्या आकाराशी भागून पाहणे इथे अधिकच महत्त्वाचे ठरते. हिस्पॅनिकांच्या पाहणीतून आकडे उचलण्यापेक्षा त्यांची पद्धत उचलावी, असे मला वाटते. त्यांनी रुग्णालयात आलेल्या नव्हे, घरी असलेल्या माणसांच्या हृदयात डोकावून पाहिले.

"कळून उपयोग काय?" हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी रास्त होता. आज तो तसा राहिलेला नाही. मधुमेहाचीच एक गोळी, मूत्रावाटे साखर बाहेर टाकणारी, हृदयाला वाचवते हे २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत दिसले. हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेहींत हृदय निकामी होऊन दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या विषयाला अधिक लागू पडते ती डापाग्लिफ्लोझिनची २०१८ ची चाचणी, कारण तिच्यातील १७,१६० जणांपैकी बहुसंख्यांना आधीचा हृदयविकार नव्हता आणि तरीही हे प्रमाण २७ टक्क्यांनी घटले. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. त्यामुळे जी गोळी साठ रुपयांच्या घरात होती, तिचे भाव एकदम खाली आले. आता महिन्याचा खर्च पाहून मान हलवणारा रुग्ण कमी दिसतो.

या गोळ्यांची पथ्ये मात्र सांगितलीच पाहिजेत. जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून स्वच्छतेविषयी संकोच न करता बोलावे. जुलाब-उलट्या होत असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा काही न खातापिता कडक उपास करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून त्या काही दिवस थांबवाव्यात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. नवरात्रात नऊ दिवस केवळ पाण्यावर राहणाऱ्या भगिनींना मी हे घटस्थापनेच्या आधीच सांगून ठेवतो. दुसरीकडे, साखरेची काही औषधे अशा हृदयाला सोसत नाहीत. पायोग्लिटाझोन स्वस्त आहे आणि आपल्याकडे भरपूर वापरले जाते. ते शरीरात पाणी धरून ठेवते, आणि ताठ झालेल्या हृदयाला नेमके तेच जड जाते. साक्साग्लिप्टिननेही हृदय निकामी होऊन दाखल होण्याचे प्रमाण वाढल्याचे २०१३ च्या चाचणीत दिसले होते. म्हणजे दोष लवकर कळला तर नवी गोळी सुरू करण्याइतकेच जुनी एखादी बंद करणेही हातात असते. रक्तदाब आटोक्यात आणणे आणि रोजचे चालणे यांना अर्थातच पर्याय नाही.

इकोसाठी चिठ्ठी देताना मी आता केवळ 'टूडी इको' असे लिहीत नाही. मधुमेह किती वर्षांचा आहे, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची स्थिती काय आहे हे लिहितो, आणि दोन्ही बाजूंचा ई-प्राइम, वरच्या कप्प्याचे आकारमान व तपासणीच्या वेळचा रक्तदाब नोंदवावा अशी विनंती करतो. शंका राहिलीच तर स्ट्रेन करून घेतो. असे लिहून दिले की बहुतेक सहकारी ते आनंदाने करतात, हा माझा अनुभव आहे. रुग्णांना माझे सांगणे एवढेच की पुढच्या खेपेला शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर तपासणी करावी आणि जाताना जुना अहवाल सोबत न्यावा. स्ट्रेनचा आकडा उणे १९ वरून उणे १७ झाला तर तो हृदयातला बदल की यंत्रातला, हे तपासणाऱ्याला त्याशिवाय सांगता येणार नाही.